चौक, सव्वाचौदा फुटी

पहिल्या नकाशात तो वीस फूट होता.
दुसऱ्यात सोळा.
तिसऱ्यात पावणेतेरावर पोंक्षेसाहेबांनी पट्टी ठेवली,
"मॅडम, ही मधली जागा कुणाच्या नावावर?"
मी म्हटलं, वाऱ्याच्या.
ते हसले नाहीत.
त्या रकान्यात त्यांनी आडवी रेघ मारली.

सहावर आणला की चौकाचा डक्ट होतो.
मग तिथे पाइप राहतात, कबुतरं राहतात,
चौथ्या मजल्यावरून भिरकावलेली पिशवी राहते
आणि तळमजल्यावरची बाई
भर दुपारी ट्यूब लावून भाकऱ्या थापते.
असे डक्ट मी काढलेत, माझ्या सहीचे.
मानखुर्दची बस त्यांच्यासमोरून जाते,
तेव्हा मी पलीकडच्या खिडकीशी बसते.

पुठ्ठ्याचं मॉडेल केलं.
टेबलफॅन एकवर, म्हणजे पश्चिमेचा वारा.
आत उदबत्ती.
धूर आधी खोल्याखोल्यांतून घुटमळला,
मग त्याला चौक सापडला
आणि तो सरळ वर गेला,
रांगेत एकदाचा नंबर लागल्यासारखा.
पोंक्षे म्हणाले, वास छान आहे.

शेवटी एका रविवारी यादगिरी मिस्त्रीनं
मालवणीच्या त्या खाऱ्या जमिनीवर फक्की टाकली.
खरी मापं, एकास एक.
बावीस बायका आपापल्या न बांधलेल्या घरात
जाऊन उभ्या राहिल्या.
कुणी कुणी चपला बाहेर काढल्या,
पांढऱ्या रेघेच्या अलीकडे.
रझियानं खाट आणवली.
खाट मावली;
खाटेवरून उतरायला जागा उरली नाही.
सगुणा खरटमल घरात गेलीच नाही.
ती जिन्याच्या चौकोनाशी थांबली,
दोन बांबू मागवले,
दोन पोरांना पुढे, दोन पोरांना मागे धरायला लावले
आणि मला विचारलं,
"हितनं तिरडी वळती का?"

कॉलेजच्या पाच वर्षांत हा प्रश्न आला नव्हता.

"सासऱ्याला लिफ्टमधनं उभं आणलं," ती म्हणाली.
"उभं. ड्यूटीला निघाल्यावानी."

वळेना.
पोरं बांबू तिरपे करत राहिली, हसायला लागली, मग गप्प झाली.
तेव्हा तीच म्हणाली, जिना उघड्यावर घ्या, चौकात.
आन् चौक रुंद करा.
दोन्हीकडच्या खोल्यांतनं वीत वीत घ्या आमची.

हात वर झाले. मी मोजले. एकवीस.
इंदुमती गायकर हाताची घडी घालून उभी.
"माझी दहावीला आहे," म्हणाली,
"ती वीत म्हणजे तिचं टेबल."
कुणी तिला काही बोललं नाही.
मी तिची भिंत होती तिथेच ठेवली.
म्हणून सव्वाचौदा फुटी चौकात आग्नेयेला
एक कोपरा पुढे आलाय.
पोंक्षे अजून त्याला माझी चूक समजतात,
दोनदा लाल पेन्सिलीनं गोल केलाय.

मेच्या मध्यावर मुंबईत एक दुपार अशी येते
की उभ्या बांबूला काही मिनिटं सावलीच नसते.
मुद्दाम त्या दिवशी आम्ही परत गेलो.
ऊन चौकात थेट वरून पडत होतं,
बादलीत पडावं तसं.
माझी सगळी गणितं पायांखाली,
चपलेएवढी.
यादगिरी डोक्याला फडकं गुंडाळत म्हणाला,
"करंज लावा. खाऱ्यात तगतो.
सावली धरायला आठ-दहा वर्षं."

फाइल तिसऱ्या टेबलावर होती, अजून आहे.

आणि तोवर? मी विचारलं.
रझियानं पिशवीतून चादर काढली,
एक टोक बांबूला बांधलं,
दुसरं माझ्या हातात दिलं.